एक स्टॉप जास्त

नारायण पेठेतल्या आमच्या स्टुडिओत स्थळासाठी फोटो काढून घ्यायला मुली लांबलांबून येत. स्टुडिओ म्हणजे रस्त्यावर एक गाळा, त्याच्या मागे पडदा लावलेली खोली, आणि लाकडी जिन्याने वर गेलं की आमचं घर. शेजारी बाइंडिंगवाला होता. त्याच्या कटिंग मशीनचा धप्प असा आवाज आणि खळीचा आंबूस वास दिवसभर आमच्याकडे यायचा. आमचा आवाज म्हटला तर एकच, फ्लॅश चार्ज होतानाची बारीक शीळ. वर बसल्या बसल्या त्या शिळेवरून मला कळायचं की खाली कोण आलंय. पासपोर्टचा फोटो असला की ती एकदाच यायची. मुलगी असली की पुन्हा पुन्हा, मध्ये बराच वेळ शांतता, आणि त्या शांततेत अण्णांचा कोरडा आवाज, "हनुवटी खाली. अजून थोडी. लग्न ठरल्यासारखं हसू नका, ठरायचंय अजून."

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती आणि ती गोष्ट कुणी उघड बोलत नसे. मुलीची आई पदर सारखा करत म्हणायची, "जरा चांगला काढा हं." अण्णा मान हलवायचे, मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचे आणि भिंगाची कडी एक घर फिरवायचे. याला ते एक स्टॉप म्हणत. एक स्टॉप जास्त म्हणजे उजेड दुप्पट. मग लॅबमध्ये प्रिंट काढताना 'फिकट ठेव' असं सांगायचं, की गव्हाळ मुलगी गोरी व्हायची आणि सावळी गव्हाळ. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचे फोडांचे डाग, सगळं त्या उजेडात विरून जायचं. "अर्धा स्टॉप आईबापांसाठी, अर्धा मुलाकडच्यांसाठी," असं ते म्हणत. फिल्मला उजेड जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं सूत्र होतं आणि फिल्मने त्यांना कधी दगा दिला नव्हता. कितीही उजेड दिला तरी निगेटिव्हच्या पोटात चेहरा शिल्लक असायचाच.

माझी थोरली बहीण सुजाता सावळी होती. 'सावळी' हा शब्द आईचा. ताई स्वतः सरळ काळी म्हणायची. ती मार्केट यार्डात एका अडत्याच्या गाळ्यावर कामाला होती. गाळा कांदा-लसणाचा. फोन घ्यायचे, आलेल्या गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करायची, शेतकऱ्यांना विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या छापून द्यायच्या. त्या गाळ्यावर कॉम्प्युटर आला तेव्हा मालकासकट सगळे त्याला लांबून नमस्कार करत होते. हिने तो आठवड्यात हाताखाली घातला. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्याआधी लसणाचा वास जिना चढायचा. हातात कधी मेथी, कधी कोथिंबिरीची जुडी, कधी कुणा हमालाने दिलेली फुटकी पपई. आई नाक मुरडून म्हणायची, "आंघोळ कर आधी." ताई तशीच पाटावर बसायची आणि तव्यावरचं पिठलं खरवडून खायची. पिठल्याची ती करपलेली खरवड फक्त तिची, यावर घरात वाद नव्हता.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. हे प्रकरण मी फार हळू लिहिते आहे. दोन ओळी लिहिल्या की उठून काहीतरी आवरत बसते, आणि परत येते तेव्हा त्या ओळींत ती मला दिसेनाशी झालेली असते.

ताईचाही फोटो अण्णांनीच काढला होता. मोरपंखी साडी, मागे मखमलीचा पडदा, हात लाकडी खांबावर. त्यात ती इतकी उजळ होती, की तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती आपली कुणी चुलत बहीण आहे असंच मला वाटलं होतं. वधू-वर मंडळातून तो फोटो बघून लोक यायचे. रविवारी सकाळी आई पोहे भिजवायची, मी खोबरं खोवायची, अण्णा दाढी करून बसायचे. ताई चहाचा ट्रे घेऊन आतून यायची आणि त्या क्षणी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. कुणी वाईट वागायचं नाही. पुण्याची माणसं, पोहे संपवायची, "छान झालेत" म्हणायची, अण्णांना स्टुडिओबद्दल विचारायची. मग मंडळातल्या बाईंचा फोन यायचा, "फोटोत जरा वेगळ्या दिसतात म्हणाले." पुढे पुढे तर आई तेवढंच ऐकून रिसीव्हर ठेवायची. ताई म्हणायची, "आई, पोह्यांना मात्र शंभर टक्के पसंती आहे हं." आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची, वाळत घालण्यासारखे कपडे नसले तरी.

तिची तिशी जवळ आली तेव्हा शहर बदलत होतं. स्थळं आता हिंजवडीची असायची. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीची बस, सहा महिने अमेरिका. दुकानात येणाऱ्या आया विचारू लागल्या, "फोटो ईमेलने पाठवता येईल ना?" शेवटी अण्णांनी डिजिटल कॅमेरा घेतला. घरात आल्यावर आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं, "खेळणं आहे," म्हणाले आणि पहिल्याच मुलीला, पस्तीस वर्षांच्या सवयीने, एक स्टॉप जास्त दिला.

तो फोटो मला आठवतो. मुलीचं कपाळ नव्हतंच. भुवयांच्या वर कागद होता. नाकाचा शेंडा आणि एक गाल पांढऱ्यात मिसळून गेलेले, आणि पदराची जर म्हणजे चुन्याचा फराटा. अण्णा फ्लॉपी आणि सीडी घेऊन लॅबमध्ये गेले, फिकट नको, गडद काढ म्हणाले. गडद काढल्यावर तो पांढरा भाग राखाडी झाला, त्यात चेहरा काही आला नाही. लॅबवाला म्हणाला, "काका, इथे काही नाहीच आहे. जळून गेलंय." अण्णांना ते पटेना. त्यांच्या हिशेबी जास्त उजेड म्हणजे जास्त माल. तो माल गेला कुठे? त्या मुलीची आई दुकानात येऊन म्हणाली, "अहो, मुलगी दाखवायची आहे, ट्यूबलाइट नाही." बाइंडिंगवाल्याने ते ऐकलं आणि महिनाभर पुरवलं.

मी तेव्हा एम.ए. करत होते आणि घरात छापलेलं सगळं वाचायची खोड मलाच होती. कॅमेऱ्याबरोबरची पुस्तिका मी वाचली, एखादी कादंबरी वाचावी तशी पहिल्यापासून. तिच्यातूनच मला त्या यंत्राचे स्वभाव कळत गेले. बटण दाबल्यावर तो क्षणभर विचार करायचा आणि तेवढ्यात माणसाचं हसू मावळायचं. म्हणून हसू येण्याच्या आधीच दाबायला हवं. ट्यूबच्या उजेडात माणसं हिरवट, शेवाळलेली दिसायची. सेल दुपारपर्यंत मान टाकायचे. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा अंधाऱ्या खोलीत खोटी शाबासकी द्यायचा आणि उन्हात काहीच दाखवायचा नाही. पण एक बटण असं होतं, की ते दाबलं की फोटोतला जळलेला भाग काळा-पांढरा उघडझाप करू लागे. मी अण्णांचे फोटो त्यात पाहिले. मुलींची कपाळं, नाकं, गाल सगळे लुकलुकत होते.

सरावासाठी माझ्याकडे ताईच होती. रविवारी, पाहुणे नसले की, मी तिला गच्चीवर टाकीच्या सावलीत बसवायची. तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीवर सोडला तर तोही तिला उजळ करायचा. समोर काळसर काही दिसलं की उजेड कमी पडला असं त्याला वाटतं, आणि तो आपणहून वाढवतो. मी ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे यालाही मंडळात नाव घालायला हवं." मग मी एक घर उणे केलं. अजून अर्धं. आणि ती आली. कपाळावरची ती तेलकट चकाकी, नाकाच्या बाजूचा तीळ, ओठांचा तो जांभळट रंग, सगळं जागच्या जागी. काहीच लुकलुकत नव्हतं.

ताईने कॅमेरा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ तो फोटो पाहिला. "ही मी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हाच पाठव मंडळात. जुना काढून घे."

अण्णांनी प्रिंट पाहिली तेव्हा चष्मा कपाळावर चढवला. "अंडर आहे."

"अण्णा, बरोबर आहे. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख—"

"तुझ्या पुस्तकात काय आहे ते मला सांगू नकोस. मी डोळ्याने बघतोय. सावलीत काढलास, उजेड कमी पडला."

"उजेड कमी पडलेला नाही, अण्णा," ताई म्हणाली. "रोज बघता की मला." अण्णांनी चष्मा खाली घेतला आणि ते गाळ्यात जाऊन बसले.

मी तो फोटो मंडळात नेऊन दिला. बाईंनी तो फायलीत लावला, जुना मला परत केला आणि म्हणाल्या, "विचार केलाय ना?" त्यानंतर बरेच रविवार कुणी आलं नाही. ताई निवांत होती, किंवा तसं दाखवायची. सकाळी उशिरापर्यंत पेपर वाचायची. आई मात्र तिच्याकडे बघून सुस्कारे टाकायची, आणि अण्णांनाही ते ऐकू जावेत अशा बेताने टाकायची.

आणि मग एक स्थळ आलं. मुलगा अमरावतीकडचा, हिंजवडीला नोकरीला, नाव प्रशांत. मंडळातून फोन आला तेव्हा मी दुकानात होते. वर जाऊन ताईला सांगितलं. "फोटो बघून येतायत?" तिने विचारलं. "फोटो बघूनच," आई पटकन म्हणाली. ताईने त्या शनिवारी केसांना शिकेकाई लावली. याआधी कधी कुणासाठी तिने ती लावलेली मी पाहिली नव्हती. रविवारी सकाळी ती आरशासमोर पावडरचा डबा हातात घेऊन उभी होती. मग तिने तो न उघडता ठेवून दिला. "लागत नाही," मला म्हणाली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. कुणीतरी आपल्याला आहोत तसं पाहिलं आणि तरी जिने चढून येतंय, असा तो चेहरा होता.

प्रशांत उंच, खांद्यात थोडा वाकलेला. आल्या आल्या त्याने चपला नीट जोडून ठेवल्या. त्याची आई धिप्पाड, मोकळ्या आवाजाची. "बाप्पा, किती हा जिना!" म्हणतच आत आली. ताई ट्रे घेऊन आली. माझं लक्ष पाहुण्यांकडे होतं. त्या बाईंच्या चेहऱ्यावर तेच झालं, जे इतक्या वेळा व्हायचं.

प्रशांतने मात्र बशी हातात घेऊन सरळ तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही यार्डात असता ना? आमच्या बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे. एकदा पुण्याला माल पाठवला होता. अर्धी पेटी सडलेली आहे असं सांगून अडत्याने फसवलं."

"कुठल्या गाळ्यावर?"

"ते आता कुठे आठवते."

"मग फसवणारच," ताई म्हणाली. "गाळा लक्षात ठेवत नाही तो शेतकरी त्यांना फार आवडतो." आणि तो मोठ्याने हसला. तीही हसली. आमच्या त्या खोलीत रविवारी सकाळी कुणी खरं हसल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

त्याच्या आईने तेव्हाच पर्स उघडली आणि फोटो काढून मांडीवर ठेवला. मोरपंखी साडी, मखमलीचा पडदा. ती एकदा फोटोकडे पाहायची, एकदा ताईकडे. "मी केव्हाची पाहून राहिले," ती शेवटी म्हणाली, "ही फोटोतली मोठी बहीण का तुमची?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. मंडळात जाऊन त्यांनी फायलीतला मी काढलेला फोटो काढून घेतला होता आणि त्या जागी आपला जुना लावला होता. त्यांच्याकडे निगेटिव्ह होतीच, नवी प्रिंट काढायला कितीसा वेळ. आईला हे माहीत होतं, हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं. ताईने हात पुढे केला. फोटो घेतला, पाहिला आणि परत दिला. "मीच आहे," ती म्हणाली. "अण्णांनी काढलाय. त्यांचं काम फार चांगलं आहे." मग तिने सगळ्यांच्या रिकाम्या बशा ट्रेमध्ये गोळा केल्या आणि आत गेली. प्रशांत काहीतरी बोलायला उठला होता, तो तसाच अर्धवट उभा राहिला.

ते गेल्यावर आई अण्णांना म्हणाली, "मी सांगत होते." ती काय सांगत होती ते कुणी विचारलं नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "घरात यायला तर हवेत माणसं. आल्यावर ती बोलते, हसते, मग... फोटोने फक्त दार उघडायचं असतं." ताई आतून म्हणाली, "उघडतं की, अण्णा. दर वेळी उघडतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. मी आणि आई खालीच होतो, आणि ताई नुकतीच यार्डातून येऊन पायरीवर चपला काढत होती. त्या बाईंचा आवाज इतका खणखणीत होता, की रिसीव्हर अण्णांच्या कानाला असून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मुलाला मुलगी पसंत होती. तो ऐकूनच घेत नव्हता. "आम्हीही म्हटलं, हो ना बाप्पा, संसार त्याले करायचा आहे. फक्त एक ऐका. लग्नातले फोटो तुम्हीच काढा. बाहेरचा फोटोग्राफर नको. तो पाठवला होता ना तुम्ही, अगदी तसेच काढा. आमच्याकडे अल्बम साऱ्या गावात फिरते. लोक मुलीले कमी, अल्बमले जास्त पाहतात."

आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. बाइंडिंगवाल्याच्या मशीनचा धप्प आवाज दोनदा आला. मग अण्णा म्हणाले, "नाही हो. तसे फोटो आता निघत नाहीत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. मी काढणार नाही. दुसऱ्या कुणालाही तसे काढू देणार नाही. ... नाही, मग राहू दे. नमस्कार." आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"अहो, काय केलंत हे!" आई भिंतीला टेकून खालीच बसली.

अण्णांनी ताईकडे पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी अपेक्षा होती. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या बाजूने उभे राहिले होते आणि तिने ते पाहिलं होतं. मला स्वतःला रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

ताई पायरीवरच होती, एक चप्पल पायात. "अण्णा," ती म्हणाली, "मला विचारायचं तरी."

"अगं, अशा घरात तू..."

"ते मी बघितलं असतं. हो म्हणायचं की नाही, ते मी बघितलं असतं."

ती वर गेली. अण्णा बराच वेळ फोनजवळ उभे राहिले, तो पुन्हा वाजेल अशा आशेने. त्यानंतर त्यांनी स्थळाचे फोटो काढणं सोडलं. पासपोर्ट आणि शाळेच्या ओळखपत्रांच्या फोटोंवर दुकान चाललं, मग चाललं नाही. मंडळातून ताईचं नाव तिने स्वतः जाऊन काढलं. ती यार्डातच राहिली, गाळ्याची सगळी व्यवस्था पुढे तीच पाहायची. आईचं आणि अण्णांचं म्हातारपण तिने काढलं. मी लग्न करून कोथरूडला गेले. अण्णांवर ती शेवटपर्यंत माया करत होती, आणि त्या संध्याकाळबद्दल त्या दोघांमध्ये पुन्हा एक शब्द झाला नाही.

शेवटच्या आजारात ती माझ्याकडे होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. दोन-तीन चमचे घेतल्यावर तिने मान फिरवली आणि एकदम म्हणाली, "त्याने गाळ्यावर फोन केला होता."

कुणी, ते मी विचारलं नाही.

"फोटो कुणीही काढले, कसेही आले तरी मला चालतील, म्हणाला. आईचं मनावर घेऊ नका, म्हणाला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हे आमच्या घरी येऊन अण्णांसमोर बोला. तुमच्या आईलाही बरोबर आणा. बरं म्हणाला."

"मग?"

"मग काय. मी तीन रविवार घरीच थांबले."